नरहरशास्त्र्यांचा पहाटेचा काढा

"तुळस कोवळी घेतो, आलं ताजं घेतो, ज्येष्ठमध स्वतः कांडतो. मग चुकतं कुठं, बाबा?"

टेकडीखालच्या तळ्यावर धुकं उतरलं होतं, त्याकडे हमजाबाबा पाहत राहिले.

नरहरशास्त्री म्हणजे त्या भागातले नामांकित वैद्य. त्यांच्या सकाळच्या काढ्यानं कितीतरी खंगलेली माणसं उठून हिंडूफिरू लागली होती. लांबलांबचे वैद्य तो शिकून जात. शास्त्र्यांना त्याचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नव्हता.

आज तेच शास्त्री एका फकिराच्या झोपडीपुढे, ओल्या गवतावर बसले होते.

"कुणासाठी करता?" बाबांनी विचारलं.

"कुटुंबासाठी. यमुनेसाठी." शास्त्री जरा अडखळले. "आमची लेक बनी तापानं गेली... माझंच औषध चालू होतं. तेव्हापासून यमुनेचं अन्नावरचं मन उडालंय. बोलत नाही. मी पहाटे उठून काढा करतो, तिच्या उशाशी ठेवतो. दुपारी तसाच ओतून द्यावा लागतो."

"ठेवता... आणि?"

"आणि काय? ओसरीवर रोगी खोळंबलेले असतात."

बाबांनी चुलीकडे बोट दाखवलं.

"करा."

शास्त्र्यांनी गाठोडं सोडलं. पाणी ठेवलं. आलं ठेचलं, तुळस खुडून टाकली, वरून गवती चहाची पात मुरगळली.

वाफ वर चढू लागली. ती कुठं संपते आणि धुकं कुठं सुरू होतं, ते कळेना. झोपडी विरली, वाट विरली, समोरचं चिंचेचं झाड विरलं. उरला नुसता वास, आणि पाण्याची मंद खदखद.

मध्येच शास्त्र्यांना वाटलं, शेजारी कुणीतरी उकिडवं बसलंय. इवलंसं. गाल फुगवून चुलीत फुंकर घालतंय.

त्यांनी मान वळवली नाही. वळवली असती, तर तिथं कुणीच नसतं...

काढा आटला. गूळ विरघळला. शास्त्र्यांनी मातीचा पेला भरून बाबांपुढे ठेवला आणि सवयीनं उठले.

"झाला. घ्या. मी जरा तळ्यावर हात धुऊन येतो."

बाबांनी त्यांच्या उपरण्याचं टोक धरलं.

"बसा."

शास्त्री बसले. बाबांनी पेला उचलला. एक घोट घेतला, डोळे मिटले. सावकाश दुसरा घेतला. पेला अर्धा झाला.

"छान झालाय."

शास्त्र्यांचा चेहरा उजळला. तेवढ्यात बाबांनी तोच पेला त्यांच्यापुढे धरला.

शास्त्री मागे सरकले. परक्या घरचं पाणीसुद्धा न घेणारा माणूस तो.

"बाबा... उष्टं आहे ते."

"हो."

"आणि मला कसलाही रोग नाही."

बाबांचा हात तसाच पुढे होता. म्हातारा हात. तो हळूहळू थरथरू लागला.

पेला पडू नये म्हणून शास्त्र्यांनी तो धरला. धरल्यावर मात्र खाली ठेववेना. त्यांनी तो ओठांना लावला.

ऊन घोट घशाखाली उतरला, मग दुसरा, आणि पेला रिकामा झाला.

"बनीला मीच बरी करीन म्हणालो होतो," शास्त्री म्हणाले. "यमुनेला शब्द दिला होता. आता तिच्या नजरेला नजर देववत नाही, बाबा. म्हणून ठेवतो... आणि निघून येतो."

मग ते रडले. रिकामा पेला दोन्ही हातांत धरून, लहान मुलासारखे, आवाज करून रडले. बाबांनी त्यांना उगी केलं नाही. नुसते जवळ बसून राहिले.

धुक्यातून ऊन झिरपलं. तळं थोडं थोडं दिसू लागलं.

शास्त्र्यांनी डोळे पुसले, गाठोडं बांधलं आणि वाकून फकिराच्या पायांना हात लावला. चार पावलं गेले, पुन्हा वळले.

"आता दोघांत एकच पेला घेईन. पण बाबा... तिनं नाहीच घेतला तर?"

बाबांनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

"मग तो निवेपर्यंत तिच्याजवळ बसा."