वानरीच्या पिल्लाचा पहिला घास

मुलांनो, नदीकाठच्या एका जंगलात, मोठ्या उंबरावर एक वानरी राहत असे. तिचे पहिलेच पिल्लू सहा महिने आईच्या दुधावर छान वाढले. पण आता दूध पिऊन झाले तरी ते किरकिरायचे आणि आईच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचे. वानरीला काही उमगेना. तिने शेजारणींना विचारले.

हरिणी म्हणाली, "अगं, कोवळं गवत दे. माझं पाडस कधीपासून खातंय!"

खार म्हणाली, "छे गं, गवतात काय आहे? बिया दे. अंगात ताकद येते."

तेवढ्यात मैना वरून ओरडली, "अळ्या भरव, अळ्या! बघता बघता पंख फुटतील."

वानरी पुरती गोंधळली. पंख तर तिला नकोच होते. पण तिघींचीही पिल्ले चांगली गुटगुटीत होती, मग चुकत कोण होते? काही ठरेना, म्हणून तिने एकाच दिवशी तिन्ही देऊन पाहिले. पिल्लाने गवत थुंकले, अळी बघून तोंड फिरवले आणि बी मात्र त्याच्या घशात अडकली. त्याचे डोळे पांढरे झाले. वानरीने त्याला पालथे धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे बी बाहेर पडली.

त्या धसक्याने वानरीने दुधाशिवाय काही द्यायचेच बंद केले. पिल्लू मलूल होत गेले. चौथ्या दिवशी ती फांदीवरून उडी मारत असताना तिला बिलगलेल्या पिल्लाची मूठ सुटली. तिने कसेबसे त्याला झेलले आणि ती तिथेच फांदीवर बसली. खायला दिले तर भीती, न दिले तरी भीती. करावे तरी काय? बसल्या बसल्या तिने एक पिकलेले उंबर तोंडात टाकले. पिल्लाने हात पुढे केला, तिच्या ओठांवरचा रस बोटाने पुसला आणि चाटला. वानरीने प्रथमच त्याच्या तोंडात नीट पाहिले. आत दोन-चार इवलेसे दात होते.

"अगं बाई! या दातांनी बी कशी फुटायची?"

तिने उंबराचा मऊ गर चुरडला आणि बोटाच्या टोकावर घेऊन भरवला. पिल्लाने मिटक्या मारत गिळला आणि पुन्हा तोंड उघडले. पण त्या दिवशी तिने तेवढाच दिला, वर दूध पाजले आणि दिवसभर त्याच्या पोटाकडे लक्ष ठेवले. पोट ठीक राहिले, तसा दुसऱ्या दिवशी तिने थोडा जास्त दिला. आठवड्याने पिंपळाची कोवळी पालवी चावून, मऊ करून दिली. हळूहळू पिल्लू तरतरीत झाले.

एकदा खार पुन्हा मूठभर बिया घेऊन आली. वानरी हसून म्हणाली, "ठेव गं तिथे. दाढा आल्या की देईन."

तात्पर्य : सल्ला सगळ्यांचा ऐकावा, पण घास आपल्या बाळाला झेपेल असा मऊ, थोडा आणि एका वेळी एकच नवा द्यावा.