घाटाखालची घोंगडी

"नाव विचारायचं नाही, मग खात्री कशी पटायची?" रहमूबाबांनी विचारलं.

वल्लभची कळी खुलली. याच प्रश्नाची तर तो वाट बघत होता. एसटीनं घाटाखाली सोडलं, पुढं पायवाट. चहापुरता तो या आंधळ्या फकिराच्या झोपडीत टेकला आणि तासभर आपल्याच कामाचं कौतुक सांगत बसला. क्रिप्टोतलं कर्ज. मध्ये बँक नाही, साहेब नाही, शिक्का नाही.

त्यानं खिशातून दोन गोट्या काढून बाबांच्या हातात दिल्या.

"हाताला दोन्ही सारख्याच लागतात ना? पण रंग वेगळे आहेत. कोणते, ते सांगणार नाही. एक मला दाखवा. आता हात पाठीमागं न्या. वाटलं तर बदला, नाहीतर तीच ठेवा. पुन्हा दाखवा. बदलली की नाही, ते मी सांगतो."

बाबांनी हात पुढं केला.

"बदलली."

"बरोबर."

"आता तीच आहे."

"बरोबर..."

वीस वेळा झालं. बाबांनी नाना लबाड्या करून पाहिल्या, वल्लभ एकदाही चुकला नाही. बाबा हरखून गेले.

"रंग वेगळे आहेत खरे. आणि कोणते, ते मला अजून ठाऊक नाही."

"तसंच आमचं. माणूस खरा आहे, दोन नावांनी दोनदा आलेला नाही, एवढंच कळतं. नाव, गाव, जात काही कळत नाही."

"झकास. मग पैसे देता?"

"देतो की. शंभराला दीडशेचं तारण ठेवलं म्हणजे."

बाबांच्या हातातल्या गोट्या थांबल्या.

"ज्याच्यापाशी दीडशे आहेत, तो शंभर मागायला कशाला येईल, बेटा?"

वल्लभचा चेहरा पडला. दुखणं नेमकं हेच होतं. घाटमाथ्यावर भागीदार थांबले होते. तारणाची अट ठेवायची की काढून टाकायची, संध्याकाळपर्यंत शेवटचा शब्द त्याचा. दोन वर्षांची मेहनत पणाला लागली होती आणि त्याला भीती वाटत होती.

"खरा माणूस म्हणजे चांगला माणूस नव्हे, बाबा. बुडवून गेला तर?"

बाबांनी वल्लभचा हात हातात घेतला, जरा वेळ तसाच धरला...

"गार आहे."

मग कोपऱ्यातल्या चळतीतून एक घोंगडी ओढून त्यांनी ती त्याच्या खांद्यावर टाकली.

"वर धुकं असतं. माथ्यावरच्या दर्ग्याच्या ओट्यावर ठेवून जा. उतरणारा कुणीतरी खाली आणतो."

घोंगडीला धुराचा वास होता. वल्लभला एकदम बरं वाटलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं.

"माझं नाव नाही विचारलंत?"

"तू तरी कुठं विचारतोस?"

"आणि तारण?"

बाबांनी दोन्ही गोट्या त्याच्या मुठीत परत दिल्या आणि मूठ मिटवली.

वल्लभ हसत उठला. पण जित्याची खोड. दारातून मागं वळून त्यानं विचारलंच,

"आणि मी वर ठेवलीच नाही तर?"

"तर समजेन, तुझी थंडी अजून गेलेली नाही."