दगडफुलाचा हार

शाळेच्या उरकुडे बाई म्हणाल्या, शनिवारी पोरांना गोष्ट सांगा. मी गावच्या पाण्याच्या टाकीचा वॉल फिरवणारा माणूस, माझी शाळा चौथीत सुटली. गोष्टी सांगायला मास्तर लोक आहेत की. पण बाई ऐकत नाहीत. तेव्हा नीट बसा आणि ऐका. एकदाच सांगीन.

फार उत्तरेला, एका बर्फाच्या देशात एक म्हातारा याक राहत असे. याक म्हणजे अंगभर लांब केसांचा बैल. त्या देशात झाड नव्हतं, आडोसा नव्हता. वादळ आलं की आठ-आठ दिवस वारा एकाच बाजूने यायचा. मग सगळी जनावरं अंगाला अंग लावून गोल उभी राहत. पिल्लं मधोमध, मोठी भोवताली, आणि एकजण वाऱ्याच्या तोंडावर. त्याच्या भुवयांवर बर्फ धरला की आतला कोणीतरी बाहेर यायचा आणि खांदा लावून म्हणायचा, "सरक, माझी पाळी." उभा असलेल्याने आपणहून मागायचं नाही. त्या देशात ते कमीपणाचं समजत.

त्या साली वादळ आलं तेव्हा पहिली पाळी याकाची होती. दुपारपर्यंत त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. पुढची पाळी कोल्ह्याची. तो आत मेंढ्याच्या लोकरीत टेकून उभा होता. तो मेंढ्याला म्हणाला, "याकदादांसारखं आपल्यात कोण उभं राहणार? त्यांना हटवलं तर त्यांचा अपमान होईल."

मेंढा म्हणाला, "खरं आहे. त्यापेक्षा सत्कार करू." कोल्ह्यानंतर त्याचीच पाळी होती, म्हणून त्याला लगेच पटलं.

त्यांनी खडकावरचं दगडफूल खरवडून हार केला. कोल्हा हार घेऊन बाहेर आला. त्याला येताना पाहून याकाने एक पाय उचललाही होता. कोल्ह्याने हार त्याच्या गळ्यात घातला, दोन बरे शब्द बोलला आणि पळत आत गेला. याकाने उचललेला पाय परत खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सशाने भाषण केलं. तिसऱ्या दिवशी त्या जागेला याकाचं नाव दिलं. पाळी काही कोणी घेतली नाही. चौथ्या दिवशी याकाचे गुडघे गेले आणि तो खाली बसला. वारा त्याच्या डोक्यावरून सरळ आत घुसला. पिल्लं रडायला लागली.

"तुम्ही व्हा पुढे," मेंढा कोल्ह्याला म्हणाला.

"तुमची लोकर दाट आहे, तुम्ही व्हा," कोल्हा म्हणाला.

याकाच्या पापण्या बर्फाने चिकटल्या होत्या, पण कान शाबूत होते. तो कसाबसा उठला. चाचपडत आत आला. वाटेत कोल्हा लागला, तेव्हा त्याने मान खाली करून हार त्याच्या गळ्यात सोडला. म्हणाला, "कोल्होबा, हा घ्या. टोचतो जरा, पण मान मोठा आहे." आणि तो पिल्लांना पोटाशी घेऊन आडवा झाला.

हार गळ्यात पडल्यावर कोल्ह्याला मागे सरता येईना. मेंढ्याने पाठीमागून ढकललं, तो वाऱ्यात जाऊन उभा राहिला. थोड्याच वेळात त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. त्याने मागे पाहिलं. ससा त्याच्याकडेच येत होता. कोल्ह्याने एक पाय उचलला.

ससा म्हणाला, "कोल्होबा, तुमच्यासारखं आमच्यात कोण उभं राहणार?"

वादळ सरलं. याक जगला, एक कान तेवढा थंडीने गळून पडला. सगळ्यांनी येऊन तब्येत विचारली. चुकलं, असं एकही म्हणाला नाही.

तात्पर्य : ज्याची पाळी संपली त्याच्या गळ्यात हार घालू नका, त्याच्या जागेवर जाऊन उभे राहा.

मलाही शाल आणि नारळ मिळाला आहे. माझ्यानंतर ज्याची पाळी, तो 'दसऱ्यापासून वॉल मी बघतो' म्हणाला होता, त्याला बारा दसरे झाले. वॉल राहू दे, चुकलं एवढं म्हणायलाही अजून फिरकला नाही, तो केशव भोंगाडे.