मोहाच्या फुलांपर्यंतचा राग

एका राज्यात पुष्करसेन नावाचा राजा होता आणि त्याला रानातल्या माणसांचा भारी वैताग होता. आज या डोंगराला, उद्या त्या डोंगराला! मध हवा, लाख हवी, तर त्यांना शोधायचं कुठं? मग त्यानं मांत्रिकाला बोलावलं. मांत्रिकानं तांब्याचा रांजण घडवून तळ्याकाठी पुरला. तो रांजण रोज पहाटे आपोआप नाचणीनं भरायचा.

"मात्र महाराज, याचं खाऊन जो मनात अढी धरील, त्याचे पाय जमिनीत रुजतील."

"उत्तम," राजा म्हणाला. "म्हणजे जागेवर सापडतील."

रानातली माणसं आली, खाऊ लागली, झोपड्या बांधून राहिली. चालून चालून कोण दमलं नव्हतं? सगळ्यांत दमली होती गुंजाई. शिकारीचे वाटे करायचा मान तिचा. रीत अशी, की गुंजाईनं वाटा उचलून विचारायचं, "हा कुणाचा?" आणि तिच्या धाकट्या बहिणीनं, मोहरीनं, पाठ फिरवून बसायचं, न बघता नाव घ्यायचं. मग कमीजास्त झालं तरी बोल लावणार कुणाला? त्यातूनही भांडण झालंच तर एकानं गाठोडं उचलायचं आणि दुसऱ्या टोळीत जायचं. एखादा मोसम सरला की राग वाळून जाई.

रांजणाच्या पहिल्याच वाटपाला गुंजाईनं सूपभर नाचणी चटईखाली सरकवली. उद्या रांजण आटला तर? या वयात पुन्हा डोंगर चढायचे? रानात असं कुणी लपवत नसे, लपवलेलं मांस वास मारतं. पण नाचणीला कुठला आलाय वास! वाटे कमी पडले. टोपल्या मोहरीनं वाहून आणल्या होत्या, म्हणून लोकांनी तिलाच चोर म्हटलं. गुंजाई गप्प बसली.

एरवी मोहरी गाठोडं उचलून निघून गेली असती. पण भरला रांजण सोडून कोण जातं हो? तिनं दोन झोपड्यांच्या मधे भिंत घातली. मग वाटपाची रीतच मोडली. जो तो आपलं भरून घेऊन दार लावू लागला. तीन वर्षांत दारं वाढली, कुजबुज वाढली. कुणाचे घोटे रुतले, कुणाचे गुडघे. मोहरी तर आपल्या अंगणात कमरेपर्यंत रुतली होती. पौर्णिमेपर्यंत माती छातीला लागणार आणि तिचा श्वास संपणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

गुंजाईच्या मनात अढी नव्हती, नुसती लाज होती. म्हणून तिचे पाय मोकळे होते, पण शिशासारखे जड. ते ओढत ती जुन्या उंबराशी गेली. तिथं ढोलीचं तोंड लिंपून धनेश पक्षीण अंड्यांवर बसली होती, फटीतून चोच तेवढी बाहेर.

"तूही भिंत घालून बसलीस, पक्षीणबाई. तुझे पाय कसे रुजत नाहीत?"

"मी फोडायच्या बोलीवर लिंपते. पिल्लं झाली की फोडते," पक्षीण म्हणाली. "तुला तीन कामं. घरातलं लपवलेलं बाहेर काढ. मनातलं लपवलेलं बाहेर काढ. मग रीत चालव."

"बहीण वाचेल?"

"दुसरं काम जमलं तर."

गुंजाई परतली. चटईखालचं ते सूप तिनं मोहरीच्या अंगणात आणलं. नाचणीला जाळी धरली होती. लोक दारांतून बघत होते.

"चोर मी आहे," ती म्हणाली. "मोहरी नव्हे. दमले होते ग बाई, घाबरले होते."

मोहरी तीन वर्षांनी बोलली. "मला ठाऊक होतं. सूप मी पाहिलं होतं. तू सांगशील, तू सांगशील म्हणून थांबले आणि पाय रुतले."

गुंजाई ढसाढसा रडली. मग डोळे पुसले, कारण तिसरं काम राहिलं होतं. एकेका दारातून लपवलेलं धान्य आलं, रास झाली. मोहरीला वळता येईना, म्हणून गुंजाईच तिच्या पाठीमागं गेली. हाताला लागलं ते जाळी धरलेलं सूपच तिनं पहिलं उचललं.

"हा कुणाचा?"

मोहरीनं न बघताच नाव घेतलं. "गुंजाईचा."

लोक हसले. मोहरीला कळेना काय झालं, तीही हसली, आणि कमरेभोवतीची माती सैल झाली. नावामागून नावं निघाली, पाय मोकळे होत गेले. शेवटच्या नावाला रांजण तडकला.

चार दिवसांत तळ्याचा काठ रिकामा झाला. राजा मधासाठी पुन्हा वाट बघत बसला, पूर्वी बसायचा तसाच.

मोहरीनंही गाठोडं बांधलं. "पलीकडच्या डोंगराला जाते. राग गेला नाही माझा."

"किती आहे?"

"मोहाची फुलं पडेपर्यंतचा."

"मग ये तेव्हा," गुंजाई म्हणाली आणि उंबराखाली टेकली. कितीतरी दिवसांनी तिला खरी भूक लागली होती. ते किडकं सूप मांडीवर घेऊन ती एकेक दाणा निवडू लागली. मोहरीचा राग जसा वाटेवर वाळला, तसा तुमचाआमचाही वाळो.