कोजागरी उलटून गेली तरी

"...मग आता राहिलंच काय, उस्ताद?"

अंकुशनं बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. हात काळेभोर, आणि पाचगणीच्या पौषातल्या त्या सकाळी तोंडातून वाफ.

"तू सांग," इस्माईल उस्ताद म्हणाले. ते आपल्या बंद पडलेल्या गॅरेजच्या दाराशी, मफलर कानांवर ओढून बाकावर बसले होते.

"थर्मोस्टॅट नवा टाकला. पाणी काठोकाठ भरलं, अडकलेली हवा काढली. पंखा झकास फिरतो. इंजिन तापतंय, काटा बरोबर मध्यावर. आणि हीटर लावला की गारच हवा."

"हं..."

"हीटरच गेलाय म्हणायचा. पुण्यात नवा मिळतो का बघतो."

उस्ताद खोकू लागले. बराच वेळ थांबेनात.

या खोकल्यापायीच अंकुश दर रविवारी वाईहून घाट चढून यायचा. चैत्रात उस्तादांची बायको, हलिमाचाची, गेल्या, तेव्हापासून म्हाताऱ्यानं तब्येतीकडे बघणंच सोडलं होतं. साताऱ्याला छातीच्या डॉक्टरकडे चला म्हणून अंकुश विनवून थकला. दुसऱ्याच्या गाडीत बसणार नाही म्हणे. येईन तर माझ्याच गाडीनं, आणि तिचा हीटर चालू झाल्यावर. घ्या आता.

वाईत अंकुशचं गॅरेज मोठं. हाताखाली माणसं, भिंतीवर बक्षिसं, लांबलांबून गाड्या येतात. आणि ज्या गाडीवर तो धंदा शिकला, तीच त्याला दाद देत नव्हती. तो चिडला होता. त्याहून जास्त घाबरला होता, कारण हा हिवाळा असाच गेला तर पुढचा उस्तादांना दिसेल का, हे त्याला सांगता येत नव्हतं.

"नळ्यांना हात लावून बघितलास?"

"हात कशाला? आता बंदूक येते, उस्ताद. लांबून रोखली की तापमानाचा आकडा दाखवते. हीटरपाशी दोन्ही नळ्या गार."

"बंदूक म्हणाली?"

"हो."

"मी तुला बंदूक शिकवली नव्हती."

अंकुशला नको असताना हसू आलं. याच गाडीपाशी उस्तादांनी एकदा त्याचा तळहात धरून रबरी नळीवर टेकवला होता. इथून हात पुढं ने, ऊब कुठं संपते बघ, मग पाना उचल. तेवढ्यात चाची आल्याचा चहा घेऊन यायच्या. काळ्या हातात कप द्यायच्या नाहीत, आधी साबण द्यायच्या. गार पाण्यानं धुतलेल्या हातांना तो कप किती गरम लागायचा... तसा चहा त्याला पुन्हा कुठं मिळाला नाही.

त्यानं हात पुसले. इंजिनाकडून निघालेली नळी धरली. गरम. हात पुढं सरकवला. गरमच. मागं, नजर पोचत नाही तिथं, बोटांना कापड लागलं.

हिरव्या लुगड्याची चिंधी. गळती असेल म्हणून बांधली असणार, असं समजून त्यानं ती कधी सोडलीच नव्हती. चिंधीच्या अलीकडे नळीचा चटका बसत होता. पलीकडे नळी थंडगार.

चिंधीखाली कॉक होता. हल्लीच्या गाड्यांत तसला नसतोच, त्यामुळे अंकुश तो साफ विसरला होता. होळी झाली की पाचगणीचे टॅक्सीवाले हा कॉक फिरवून हीटरकडं जाणारं गरम पाणी बंद करायचे. कोजागरी झाली की उघडायचे.

"उस्ताद, हा बंद आहे."

"असणार. होळीला मीच केला."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

उस्तादांनी मफलर आणखी ओढून घेतला.

"अहो, एक शब्द बोलायचा होतात. कधीच डॉक्टरकडं जाऊन आलो असतो आपण."

"बंद करायचं काम माझं," उस्ताद म्हणाले. "उघडायचं तिचं. रग उन्हात टाकले की पक्कड घेऊन यायची. डोळ्यांना दिसेना, तेव्हा हाताला लागावी म्हणून ती चिंधी बांधली. मला हात लावू द्यायची नाही."

अंकुशची बोटं चिंधीवर थांबली.

"कोजागरी उलटून गेली. मी आपला बसलो वाट बघत, येड्यासारखा."

अंकुशनं कॉकवरचा हात काढून घेतला.  मग तो बाकापाशी गेला, उस्तादांना उठवून गाडीपाशी आणलं. त्यांचा तळहात धरला आणि चिंधीवर टेकवला, थेट त्यांनी कधीकाळी त्याचा टेकवला होता तसा.

कितीतरी वेळ तो हात तिथंच राहिला.

मग त्या हाताखाली कॉक फिरला.

पलीकडची नळी हळूहळू कोमट झाली, मग गरम. उस्तादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात काढला नाही.

"चला," अंकुश म्हणाला. "आता साताऱ्याला."

उस्तादांनी पुढचं डावं दार उघडलं. सीटकडं पाहिलं. दार अलगद लावलं आणि मागं जाऊन बसले.

घाट लागला. डॅशबोर्डाखालून गरम हवा येऊ लागली, आणि मागं उस्ताद खोकत होते.

"मागं ऊब पोचत नाही, उस्ताद. पुढं येऊन बसा."

"असू दे," उस्ताद म्हणाले. "तिचे पाय लवकर गार पडतात."