उतरंडीच्या तळाचं मडकं

नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाच्या कडेला, जिथे चिकण माती हाताशी मिळते तिथे, एक कुंभार आणि त्याची कुंभारीण राहत होती. त्यांना एकच लेक. तिचं नाव सगुणा.

कुंभाराच्या घरचा संसार कसा चालतो ते आधी सांगते, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. हिवाळा-उन्हाळा मडकी घडवायची, वाळवायची, आव्यात भाजायची आणि दोन गाढवांवर लादून बाजारात नेऊन विकायची. पाऊस लागला की माती वाळत नाही, सरपण पेटत नाही आणि चाक कोपऱ्यात उभं राहतं. म्हणजे कमवायचं आठ महिने आणि खायचं बारा महिने. ज्याने हे ओळखून चार दाणे राखले तो तरला. ज्याने नाही राखले, त्याने माळावरच्या टाकळ्याचा पाला उकडून खायचा.

आता आमच्या कुंभाराला हे कळत नव्हतं का? कळायचं हो, पण वळायचं नाही. हाताचा मोठा गुणी. त्याच्या रांजणावर टिचकी मारली तर खणखणीत आवाज यायचा. मनाने तर राजा माणूस, आणि तीच पंचाईत होती! बाजारात मडकी खपली, कनवटीला चार रुपये लागले, की याला सगळं गाव आपलं सोयरं वाटायला लागायचं. "या रे, बसा! जिलबी सांगतो. पैशाचं काय एवढं, आज आहे, उद्या नाही!" उद्या नसायचाच, कारण आज तो ठेवायचाच नाही.

कुंभारीण त्याच्या अगदी उलट. भाकरीला पीठ घेतलं की त्यातलं मूठभर परत मडक्यात टाकायची. तेल पळीने नाही, बोटाने सोडायची. पण चिंगूस नव्हती बरं का. दारी आलेल्याला तिने कधी उपाशी पाठवलं नाही. तिला फक्त आषाढ-श्रावण डोळ्यांपुढे दिसायचा.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिने साडेचार रुपये साठवले, सुगडात घालून कोनाड्यात ठेवले आणि नवऱ्याला सरळ सांगितलं, "अहो, हे पावसाळ्याचे आहेत. याला हात लावायचा नाही."

"छे छे! मी कशाला लावतोय?" कुंभार म्हणाला.

चैत्रात गावची जत्रा भरली. संध्याकाळी कुंभार घरी आला तो डोक्याला नवा फेटा बांधून, आणि मागे ढोलकीवाला वाजवतोय. कोनाड्यातलं सुगड रिकामं होतं. "अगं, अशी तोंड पाडून काय बसतेस? चाळीस माणसांची पंगत उठवली आपण! देवाच्या दारात नाव झालं आपलं. पैसे काय, आणीन की परत."

आणले नाहीत. त्या पावसाळ्यात कुंभारीण पोटुशी होती. पोटात सगुणा आणि ताटात टाकळा, अशा स्थितीत तिने दोन महिने काढले. जन्मली तेव्हा पोर चिमणीएवढी होती. कुंभारणीने तेव्हाच कानाला खडा लावला की यापुढे या माणसाला शिल्लक सांगायची नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तिची काय चूक?

मग तिने एक युक्ती केली. चाकावरून उरलेल्या मातीची ती भातुकलीची बोळकी करायची. इवलीशी चूल, इवलंसं जातं, बोटाएवढा तवा. नवऱ्याची मडकी भाजताना त्यांच्या पोटात ही बोळकी ठेवून भाजून घ्यायची आणि दुपारच्या वेळी घरोघरी लेकीबाळींना विकून यायची. ते पैसे ठेवायची उतरंडीत.

उतरंड म्हणजे स्वयंपाकाच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेली मडकी. मोठं खाली, लहान वर. वरच्यात मीठ-मिरची, मधल्यांत डाळ आणि पीठ, आणि सगळ्यांत खालच्या थोरल्या मडक्यात भांडी घासायची राख. त्या राखेखाली तिचे पैसे. कुंभार उतरंडीकडे ढुंकूनही बघायचा नाही. जन्मभर मडकीच घडवणाऱ्याला घरातल्या मडक्यांचं काय कौतुक?

अशी नऊ वर्षं गेली. दर पावसाळ्यात चूल थंडावायची वेळ आली की ती राखेतून एखादा रुपया काढायची, दाणे आणायची आणि नवऱ्याला म्हणायची, "शेजारून उसने आणले." कुंभार आपला खूश. त्याला वाटायचं, बघा, पावसाळा निघतोच की कसाही! उगाच ही बाई काळजी करते. म्हणजे तिच्या लपवण्याने घर वाचत होतं हे खरं, पण त्याची खोडही तशीच जगत होती, हेही खरं.

लेकीला सांगावं, तर लहान तोंड, कुठेतरी बोलून जाईल. शेजारणीला सांगावं, तर भिंतीलाही कान. म्हणून त्या मडक्याची गोष्ट तिने कुणापाशीच काढली नाही.

दहाव्या वर्षी, आषाढ लागला आणि एका सकाळी पीठ मळता मळता कुंभारीण परातीवरच कलंडली. तिच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डावा हात तेवढा वीतभर उचलायचा, आणि डोळे शाबूत होते.

आता मात्र कुंभार हादरला. त्याने बायकोला न्हाऊ-माखू घातलं, हाताने भरवलं, कधी चुलीपुढे न बसलेला माणूस धुराने डोळे चोळत भाकऱ्या थापायला शिकला. जिलबीवाल्या मित्रांनी हाक मारली तर "घरी काम आहे" म्हणून वळायचा. माणूस खरंच बदलला होता. उगाच त्याची बदनामी करणार नाही मी.

सगुणा तर आईची जीभच झाली. तिनेच खूण ठरवली. "आई, हो म्हणायचं असेल तर डोळे मीट. नाही म्हणायचं असेल तर उघडेच ठेव. पाणी हवंय? नाही? कूस बदलू? हां, कूस बदलायचीय!" बघता बघता मायलेकींचं असं जमलं की कुंभारही तीच खूण वापरू लागला.

पंधरा दिवसांत पिठाचं मडकं तळाला आलं. कुंभार बायकोच्या उशाशी येऊन बसला. खाली मान घालून म्हणाला, "अगं, घरात दाणा उरला नाही. दरवर्षी तू शेजारून उसनं आणायचीस. मी सगळ्या शेजारणींना विचारून आलो. त्या म्हणतात, आम्ही कधी दिलंच नाही. मग तू आणायचीस कुठून? काही राखून ठेवलं असशील तर सांग. माझ्या लेकीची शपथ, एक पैसाही उधळणार नाही."

सगुणा आईच्या तोंडाजवळ वाकली. "आई, घरात कुठे पैसे ठेवलेत का गं? असतील तर डोळे मीट. मी विचारत विचारत शोधून काढते."

कुंभारणीने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या हाताला भाकरीचे चटके होते, तेही तिला दिसले. मिटू का डोळे, असं तिच्या मनात आलं. पण त्याच क्षणी तिला तो नवा फेटा आठवला, ती ढोलकी आठवली. आज शपथ घेतोय, उद्या मी अशी पडलेली आणि पैसे याच्या हातात. मग माझ्या सगुणेचं काय? हे पैसे तिच्यासाठीच तर आहेत. दाण्यांचं काय, हा मोलमजुरी करून आणील.

तिने डोळे उघडे ठेवले. टक्क उघडे.

"नाहीत म्हणते," सगुणा म्हणाली.

कुंभाराने मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून तो गावात मजुरीला जाऊ लागला. कुणाचा चिखल तुडव, कुणाचं सरपण फोड. दिवसाला शेरभर ज्वारी मिळायची, त्यात तिघं भागवायची. पुन्हा त्याने बायकोला पैशांचं विचारलं नाही. ती नाही म्हणाली, विषय संपला.

श्रावण लागता लागता सगुणेला ताप भरला. पहिल्या दिवशी अंग चटके देत होतं. दुसऱ्या दिवशी पोर वातात बडबडायला लागली. कुंभार पलीकडच्या गावातल्या वैद्याकडे धावला. वैद्य म्हणाला, "हा ताप वाईट आहे. नुसत्या काढ्याने उतरायचा नाही, मात्रा द्यावी लागेल. मात्रेचे पाच रुपये. मलाही ती बाहेरून विकत आणावी लागते, बाबा. पण उशीर करू नकोस."

कुंभार घरी आला आणि बायकोपुढे मटकन बसला. "पाच रुपये म्हणतो गं! कुठून आणू?"

कुंभारणीने त्याचे शब्द ऐकले मात्र, तिचा डावा हात उचलला गेला. बोट उतरंडीकडे. घशातून नुसता घरघर आवाज.

"पाणी हवंय?" कुंभाराने विचारलं. डोळे उघडे.

"पेज हवीय? भूक लागली?" डोळे उघडेच. बोट मात्र तिकडेच.

"चूल विझली म्हणतेस? नाही? मग काय? सगुणेला काही देऊ का?"

कुंभारणीने डोळे घट्ट मिटले. हो, हो, तिलाच! अरे, तिच्यासाठीच!

कुंभार उठला, त्याने उतरंडीच्या वरच्या गाडग्यातलं चिमूटभर मीठ घेऊन पेजेत घातलं आणि ती पेज लेकीच्या ओठाला लावली. तिने गिळली नाही. हनुवटीवरून ओघळली.

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिच्या मनात काय ते एका सगुणेला ओळखता आलं असतं, आणि ती शेजारच्या वाकळेवर बेशुद्ध पडली होती. कुंभाराने आणखी दहा गोष्टी विचारल्या. एकच गोष्ट विचारली नाही, कारण तिचं उत्तर बायकोने आधीच देऊन ठेवलं होतं. "रडू नकोस, मी आणतो कुठूनही," असं म्हणून त्याने शेजारच्या कासारणीला दोघींपाशी बसवलं आणि तो बाहेर पडला.

ज्यांनी ज्यांनी त्याची जिलबी खाल्ली होती त्या साऱ्यांची दारं त्याने ठोठावली. एक म्हणाला, "पाऊस उघडू दे, मग बघू." दुसरा म्हणाला, "तुझ्याच हातात टिकत नाही, तर माझं कसं परत येणार?" तोंडावर म्हणाला हो! तिसऱ्याने घरात असून नाही म्हणून सांगायला लावलं. शेवटी कुंभाराने आपली दोन्ही गाढवं दावणीची सोडली आणि भर पावसात बाजारगावी नेली. पावसाळ्यात गाढवं कोण घेतो? दीड दिवस तो उभा होता. सहा रुपयांना जोडी गेली, मातीमोल. पाच रुपये वैद्याला देऊन, मात्रेची पुडी छातीशी धरून तो चौथ्या दिवशी घरी पोचला.

कासारीण दारातच बसली होती. तिने मान खाली घातली. सगुणा सकाळीच गेली होती, आईच्या डोळ्यांदेखत.

आता पुढचं सांगायला जड जातं, पण सांगते.

घरात मरण झालं की सुतक फिटताना घरातली जुनी मातीची भांडी बाहेर काढून फोडायची, अशी रीत. त्या दिवशी कासारीण म्हणाली, "कुंभारदादा, उतरंड काढायला हवी." कुंभार उठला. वरचं गाडगं उचललं, अंगणात नेलं, फोडलं. मग दुसरं. मग तिसरं. आपल्याच हातांनी घडवलेली मडकी तो एकेक करून फोडत होता. कुंभारीण अंथरुणातून दाराबाहेर बघत होती. आता तिने हात उचलला नाही.

तळाचं मडकं त्याला एकट्याला उचलेना, म्हणून त्याने ते कलतं करून घरंगळत अंगणात नेलं आणि दगड घातला. राख पसरली आणि राखेत रुपये चमकले. एकतीस रुपये होते.

कासारणीने तोंडाला पदर लावला. कुंभाराने उकिडवं बसून राखेतून एकेक रुपया वेचला. मग राखेने माखलेल्या ओंजळीत ते पैसे घेऊन आत आला आणि बायकोच्या अंथरुणावर ठेवले.

"घरातच होते?" तो म्हणाला. "अगं, मी विचारलं होतं ना तुला? लेकीची शपथ घेऊन विचारलं होतं."

कुंभारणीने डोळे मिटले. हो. मग तोच कपाळावर हात मारून हमसून रडू लागला. "पण तू तरी कुठल्या भरवशावर सांगणार होतीस? एकदा सांगितलं होतंस की! मीच खाऊन बसलो ना ते पैसे!"

तिने डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. दोघं रडली. कुणी कुणाला दोष दिला नाही, आणि देऊन तरी काय उपयोग? बैल गेला नि झोपा केला.

त्यानंतर सहा वर्षं कुंभारीण जगली. कुंभार दर बाजाराचे पैसे आणून तिच्यापुढे ठेवायचा, काय आणलं, काय खर्चलं, काय उरलं ते सगळं तिला सांगायचा आणि तिला विचारल्याशिवाय दमडी मोडायचा नाही. त्या घरात पुढे कधी पावसाळ्याची ओढाताण झाली नाही. दरवर्षी दाणे उरायचेच. खाणारी तोंडं आता दोनच राहिली होती.

तात्पर्य काय घ्यायचं ते घ्या, मी माझं सांगते: घरातली शिल्लक उधळणारा माणूस एक दिवस आपल्याच माणसाचा विश्वास उधळून बसतो, आणि कुणालाच ठाऊक नसलेली शिल्लक वेळेला नसल्यातच जमा असते. म्हणून पैसा राखा, आणि तो कुठे आहे हे घरातल्या माणसाला सांगता येईल, असं एकमेकांशी वागा.