रानजाईची आणि राणीच्या सुनेची कहाणी

ऐका रानजाईबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगराला वेस होती, वेशीपलीकडं रान होतं. नगरात राजा होता, राणी होती. राणीला एकच लेक, एकच सून. सून रानातल्या मध काढणाऱ्याची पोर, येसू तिचं नाव. राजपुत्राच्या मनात भरली, राजवाड्यावर आली.

येसूचा एक वसा होता. कार्तिकात रानजाई फुलली, की रानात जावं, वेलीच्या बुडाशी पाचोळा सारावा, तांब्याभर पाणी घालावं, हात जोडावे. कार्तिक आला. येसू म्हणाली, "आत्याबाई, मी रानात जाऊन येते."

राणी म्हणाली, "अगं, राजाची सून तू! काटे तुडवीत निघालीस, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तुझी वेलच इथं आणवते."

राणी मनाची वाईट नव्हती हो. पण मोठ्या घरच्यांना वाटतं, आपल्या अंगणात आलं की सगळ्याचं भलंच होतं.

मग माळी गेले, वेल मुळासकट काढून आणली. चांदीच्या कुंडीत लावली, दूध घातलं. वेल सुकली, येसूचं अन्न तुटलं. मग दुसरी आणली, सोन्याच्या कुंडीत लावली, केशराचं पाणी घातलं. वेल सुकली, येसूचं हसणं गेलं. मग तिसरी आणली, भर उन्हात मोत्यांचा मांडव घातला. तीही सुकली, येसूनं अंथरूण धरलं. वैद्य आले, वैद्य गेले. राणीला वाटलं, सोन्यासारखी सून हातची जाते की काय?

मग राणी स्वतःच रानात गेली. तिथं ऐनाच्या झाडाखाली एक म्हातारी पाचोळा सारीत होती. वर रानजाई पांढरी शुभ्र फुलली होती. राणी रडायला लागली. "आजी, मी दूध दिलं, सोनं दिलं, मोती दिले. मग माझ्याच घरी का गं सुकते?"

म्हातारी म्हणाली, "बाई, दिलंस ते तुझ्या आवडीचं. तिला काय हवं, ते विचारलंस का? हिचे पाय सावलीत लागतात, डोकं उन्हात लागतं, अंग टाकायला झाड लागतं. ते इथं आहे. वेल इथंच राहू दे, आणि सुनेला इकडं पाठव."

"मग मी काय वसा करू?"

"कार्तिकात सुनेची ओटी भरावी, तिला माहेरी धाडावं. धाडताना 'परत कधी येशील' म्हणून विचारू नये."

राणी दचकली. "आणि ती आलीच नाही तर?"

"नाही आली, तर नाही आली. तरी धाडावं. उतू नकोस, मातू नकोस, वसा अर्ध्यात सोडू नकोस." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली. ती रानजाईच होती, रानाची देवी.

राणी घरी आली. राजा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" राणी म्हणाली, "म्हणू देत. माझी सून जगू दे." तिनं येसूची ओटी भरली, मेणा वेशीबाहेर पोचवला. 'परत कधी येशील' हे अगदी जिभेवर आलं होतं. राणीनं ओठ घट्ट मिटले.

कार्तिक सरला. मार्गशीर्षही सरत आला. दासी कुजबुजल्या, "गेली ती गेलीच." राणी रोज वेशीवर जाई, वाट पाही, परत येई. निरोप मात्र तिनं एकदाही धाडला नाही.

मग एके सकाळी रानाच्या वाटेनं कुणी चालत आलं. ना मेणा, ना भोई. येसूच ती! गाल भरलेले, पायांना रानची माती. म्हणाली, "आत्याबाई, मी आले. कुणी बोलावलं नाही, तरी आले. मला तुमची आठवण झाली."

राणीनं तिला पोटाशी धरलं आणि तिथंच वेशीत बसून रडली.

जशी रानजाई राणीला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. धाडलेल्या लेकीसुना आपल्या पायांनी, आपल्या मनानं घरी येवोत. साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी, रानाच्या सावलीत सुफळ संपूर्ण.